रिगार्डला वर चढवायचा का?



मागच्या रविवारी रात्री नेटवर्क बरं होतं म्हणून घरी फोन लावला. बहिणीशी दोन शब्द झाले नाहीत, तोच भाच्यानं फोन ओढून घेतला. मी परीक्षेचं विचारणार होतो, पण त्याचाच प्रश्न आधी आला. "मामा, रिगार्डला वर चढवू की चाओला? सामान एकापुरतंच आहे."

मागच्या सुट्टीत या पोरानं मला 'एम्पायर्स अँड पझल्स' नावाचा खेळ शिकवला. माझ्या फोनवर असलं काही ठेवत नाही, कारण तुम्हाला ठाऊक आहे. पण घरी होतो तेव्हा रोज रात्री जेवणं झाली की मामा-भाचे एका फोनवर डोकं लावून बसायचो. तेव्हापासून मी त्याच्या टीमचा बिनपगारी सल्लागार आहे.

मी म्हणालो, "दोन दिवसांनी सांगतो." तो वैतागला. त्याला वाटलं, मामाला कळलं नाही. खरं सांगायचं तर मला कळलं होतं, म्हणूनच उत्तर लगेच देता येईना. अशीच एक निवड मी बारा वर्षांपूर्वी केली होती, आणि ती खेळातली नव्हती. त्याकडे शेवटी येतो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सात उभ्या रांगा आणि पाच आडव्या, अशा 35 रंगीत टाइल्सचा पट. एका रंगाच्या तीन जुळवल्या की त्या रंगाचे सैनिक समोरच्या शत्रूवर सुटतात. तुमच्या टीममध्ये पाच हिरो. लाल, निळा, हिरवा, पिवळा, जांभळा असे त्यांचे रंग. ज्या रंगाच्या टाइल्स जुळतील, त्या रंगाच्या हिरोमध्ये मॅना भरतो. मॅना पूर्ण भरला की त्या हिरोची खास विद्या वापरता येते. बहुतेकांची विद्या मारण्याची. काहींची मात्र दुसऱ्याला उभं ठेवण्याची. यांना सपोर्ट हिरो म्हणतात.

चाओ पिवळा, एका शत्रूला जोरात हाणतो आणि त्याचा मॅना कमी करतो. रिगार्डही पिवळा. त्याची विद्या भरली की सगळ्या साथीदारांची 42 टक्के तब्येत परत येते आणि त्यांच्यावर चढलेलं विष, आग, आंधळेपणा वगैरे धुऊन निघतं. स्वतः तो कुणाला म्हणावं तसं मारत नाही. हिरो शेवटच्या पायरीवर चढवायला जे दुर्मीळ सामान लागतं ते मागून मिळत नाही, महिनोन्‌महिने साठवावं लागतं. म्हणून पोराला घोर लागलेला.

आता जरा इतिहास, कारण आपल्या या ब्लॉगवर त्याशिवाय गाडी सुटत नाही. 1974 साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-फाशांचा खेळ निघाला. त्यात पात्रांचे तीनच वर्ग होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक म्हणजे धर्मगुरू. जखमा बऱ्या करण्याचं काम या तिसऱ्याकडे. गंमत म्हणजे पहिल्या पायरीवर क्लेरिकला एकही मंत्र येत नसे. आधी इतरांबरोबर चालायचं, मार खायचा, मग पुढच्या पायरीवर विद्या. रिक्रूटी केलेल्या कुणालाही हे पटेल.

2007 साली ऑस्ट्रेलियात बनलेल्या 'पझल क्वेस्ट'नं रंग जुळवण्याचा खेळ आणि लढाईचा खेळ एकत्र बांधला. रंगातून मॅना मिळवायची कल्पना तिथे रुजली. 2012 मध्ये जपानच्या गुंगहो कंपनीनं 'पझल अँड ड्रॅगन्स' मोबाइलवर आणला आणि एका योद्ध्याच्या जागी टीम आली. पण त्या टीमची तब्येत सगळ्यांची मिळून एकच होती. बदामाचे मणी जुळवले की सगळ्यांचं एकत्र भरून निघायचं. 2017 मध्ये फिनलंडच्या स्मॉल जायंट गेम्सचा 'एम्पायर्स अँड पझल्स' आला. त्यात प्रत्येक हिरोची तब्येत वेगळी. एक पडला की पडला. त्याचा रंग जुळवून मॅना भरायला मागे कुणी उरत नाही.

माझ्या मते सपोर्ट हिरोची खरी किंमत या बदलानं ठरली. सामाईक तब्येतीत बरं करणं म्हणजे एका हौदात पाणी ओतणं. वेगळ्या तब्येतीत प्रश्न येतो तो कुणाला, कधी आणि कुणी पडायच्या आधी. मेलेल्याला 42 टक्के देऊन काही होत नाही.

तर मग मोजायचं कसं? हिरोच्या कार्डावर 'पॉवर' नावाचा मोठा आकडा असतो. तो त्याच्या हल्ला, बचाव, तब्येत, पायरी वगैरेंवर बेततो. नवखा खेळाडू तोच बघतो. पण तो आकडा एकट्या माणसाचा. सपोर्ट हिरो एकटा नसतोच. भाच्याला मी फोनवर जो हिशेब मांडून दिला तो असा.

समजा पाचही हिरोंची तब्येत बाराशेची. 42 टक्के म्हणजे प्रत्येकी 504. पाचही जण अर्धमेले असताना रिगार्ड चालला, तर एका फटक्यात 2520 परत आले. एक गडी आधीच पडला असेल तर 2016. आणि दोघांनाच दोनशे-दोनशेच्या जखमा असताना घाईनं वापरला तर फक्त 400, बाकीचं सांडलं. हिरो तोच, विद्या तीच. सहापट फरक वेळेचा. त्याच्या जोडीला तगडे गडी दिले तर हाच रिगार्ड आणखी मोठा होतो, कारण त्याचे टक्के त्यांच्या तब्येतीवर मोजले जातात. म्हणजे त्याची किंमत काढायची तर आधी शेजारी कोण उभा आहे ते विचारावं लागतं.

दुसरं, तयार व्हायला किती लागतं. रिगार्डचा वेग मध्यम, दहा टाइल्सचा. तीन-तीनच्या जुळण्या धरल्या तर चार जुळण्या लागतात. 35 टाइल्सच्या पटावर पिवळ्या सरासरीनं सातच. म्हणजे पहिल्या हप्त्यात तो तयार नसतो. तोवर बाकीच्यांना तग धरावाच लागतो. ज्या टीमला पहिल्याच तडाख्यात कोसळायची सवय आहे, तिला रिगार्ड वाचवू शकत नाही.

तिसरं, त्याच्यामुळे आपण काय गमावतो. रिगार्डचा हल्ल्याचा आकडा लहान, त्यामुळे पिवळ्या टाइल्सचा मारही कमी बसतो. ही किंमत खरी आहे, ती लपवायची नाही. त्याच्या बदल्यात लढाई जितकी लांबते, तितक्या वेळा मारणाऱ्यांना पुन्हा मॅना भरायची संधी मिळते. चाओनं केलेला वार चाओच्या नावावर दिसतो. रिगार्डमुळे जिवंत राहिलेल्या गड्यानं केलेला दुसरा वार त्या गड्याच्या नावावर दिसतो. गोम इथेच आहे.

चौथं, जागा कोणती. हल्ला करताना विद्या कधी सोडायची ते आपल्या हातात. तिथे रिगार्डला राखून ठेवता येतं. बचावाच्या टीममध्ये मात्र मॅना भरला की हिरो आपोआप विद्या सोडून देतो, जखम असो वा नसो. म्हणून एकाच हिरोला हल्ल्यात एक श्रेणी आणि बचावात दुसरी द्यावी लागते. नुसतं 'रिगार्ड चांगला का?' हा प्रश्नच अपुरा आहे.

पाचवं, संख्या. अलायन्सच्या युद्धात प्रत्येकाला सहा हल्ले आणि एक हिरो एकदाच वापरायचा. म्हणजे तीस हिरो लागतात. पाचही रंगांत एकेक जुना, साधा, चार ताऱ्यांचा हीलर आहे: पिवळ्यात रिगार्ड, लालमध्ये बोल्डटस्क, निळ्यात किरिल, हिरव्यात मेलेंडर, जांभळ्यात सबिना. पाचहीजण मध्यम वेगाचे, पण प्रत्येकाची जोडविद्या निराळी. बोल्डटस्क साथीदारांचा हल्ला 48 टक्क्यांनी वाढवतो; सातशेचा हल्ला 1036 होतो. किरिल हल्ल्याबरोबर बचावही वाढवतो. मेलेंडर आणि सबिना शत्रूला मिळालेली मदत पुसून टाकतात. मात्र दोन बोल्डटस्क घेतले म्हणून वाढ दुप्पट होत नाही. नवी वाढ जुनीच्या जागी बसते. एका टीमला दोन डॉक्टर देऊन दुसरी बिनडॉक्टरची ठेवण्यात शहाणपण नाही.

इथवर हिशेब झाला. पण पोराचा खरा मुद्दा वेगळा होता. तो म्हणाला, "पण मामा, जिंकतो ते मारणारेच ना?"

सध्या माझी पोस्टिंग मणिपूरमध्ये आहे. जागा नेहमीप्रमाणे लिहीत नाही. पण इथल्या डोंगरांत राहून या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही.

मार्च 1944 मध्ये जपानच्या 15 व्या आर्मीचे सेनापती मुतागुची यांनी चिंदविन नदी ओलांडून तीन डिव्हिजन इम्फाळ-कोहिमावर सोडल्या. सोबत साधारण तीन आठवड्यांची रसद. त्यानंतरचं इम्फाळच्या गोदामांतून हिसकावून खायचं, असा बेत. पायदळ कडवं होतं, त्यात शंकाच नाही. माझ्या भाच्याच्या भाषेत सांगायचं तर टीममध्ये पाचही मारणारे, हीलर शून्य. जिंकलं तर झटपट, नाहीतर संपलं.

उखरूलच्या वाटेवर सांगशाक नावाचं गाव आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या टेकडीवर 50 व्या पॅराशूट ब्रिगेडनं जपानी लोंढा अडवला. या ब्रिगेडबरोबर आपली चौथी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री होती. टेकडीवर पाणी नव्हतं. विमानांनी टाकलेली रसद, मोर्चा इतका लहान की बरीचशी शत्रूच्या हद्दीत पडत होती. 26 मार्चच्या रात्री त्यांना माघार घ्यावी लागली. पण त्यांनी अडवून धरलेले दिवस पुढे इम्फाळ आणि कोहिमाला उपयोगी पडले. मी त्या टेकडीवर उभा राहिलो तेव्हा मनात बंदुका नव्हत्या, पाण्याचे डबे होते. ते मोर्चाच्या आत पडले असते तर?

कोहिमात सुमारे अडीच हजार माणसं वेढ्यात सापडली, त्यातली हजारभर बिनलढाऊ. तिथे 75 व्या इंडियन फील्ड अॅम्ब्युलन्सचे लेफ्टनंट कर्नल जॉन यंग यांनी खंदकांत दवाखाना चालवला. तोफगोळे दवाखान्यावरही पडत. आधीच जखमी असलेले तिथेच पुन्हा जखमी होत. 18 एप्रिलला मदत पोचली, तेव्हा तीनशेच्या आसपास जखमींना गोळीबारातून बाहेर काढलं गेलं. यंग यांच्या नावावर शत्रूचा एकही मोर्चा लिहिलेला नसेल.

इम्फाळचा रस्ता 22 जूनला मोकळा झाला. तोवर विमानांनी सुमारे 19,000 टन सामान आणि 12,000 माणसं आत आणली, तर 13,000 जखमी-आजारी आणि 43,000 बिनलढाऊ बाहेर नेले. एएससीतले वाचक हे वाचून मिशीत हसत असतील. हसा, तुमचा हक्क आहे. दुसऱ्या बाजूला कोहिमावर चालून आलेल्या 31 व्या डिव्हिजनचे सेनापती सातो यांनी रसद येत नाही म्हणून वरिष्ठांचा हुकूम मोडून मे अखेरीस सैन्य मागे घ्यायला सुरुवात केली. परतीच्या वाटेवर त्यांची माणसं उपासमारीनं आणि रोगानं गेली.

पण सगळ्यात बोलका आकडा याआधीचा, 1943 चा. जनरल स्लिम यांनी आपल्या 'डिफीट इनटू व्हिक्टरी' या पुस्तकात तो दिला आहे. त्या वर्षी एका जखमीमागे 120 आजारी माणसं मागे पाठवावी लागत होती. आजाऱ्यांचं प्रमाण रोज हजारी बारावर गेलं होतं. लाखाचं सैन्य धरलं तर दिवसाला बाराशे, म्हणजे दीड बटालियन, शत्रूनं गोळी न झाडता. मग स्लिम यांनी मलेरियाचे दवाखाने पार आघाडीमागे काही मैलांवर आणले, म्हणजे माणूस महिनोन्‌महिने हिंदुस्थानात अडकण्याऐवजी काही आठवड्यांत पलटणीत परत. मेपाक्रिनच्या गोळ्या सगळे घेतात की नाही हे तपासायला अचानक रक्ततपासणी लावली. प्रमाण कमी भरलं तर कमांडिंग ऑफिसरची गच्छंती. तिघांना घरी पाठवल्यावर बाकीच्यांना अर्थ कळला, असं ते लिहितात. 1945 पर्यंत आजाऱ्यांचं प्रमाण रोज हजारी एकावर आलं.

या बारा आणि एक यांच्या मधले अकरा जण कोण? त्यांची यादी नाही. न पडलेल्या माणसाची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

आता माझी गोष्ट.

बारा वर्षांपूर्वी मी एका उंच पोस्टवर सीनियर जेसीओ होतो. थंडीचे सहा महिने. आमच्याबरोबर एक नर्सिंग असिस्टंट होता, केरळचा, बारीक अंगाचा. सगळे त्याला 'डॉक्टरसाब' म्हणायचे, निम्मे चेष्टेनं. रोज संध्याकाळी बुखारीजवळ तो एकेकाला बसवायचा आणि मोजे काढायला लावायचा. बोटं दाबून बघायचा, वहीत टिक करायचा. पोरं वैतागायची. एकदा मीही म्हणालो, "अरे, रोज काय माझे पाय बघतोस, लग्न ठरवायचंय का?" तो हसला आणि म्हणाला, "साब, दुसरा पाय."

त्या हंगामात शेजारच्या पोस्टवरून हिमदंशाची माणसं खाली न्यावी लागली. आमच्याकडून एकही नाही.

उतरल्यावर कंपनी कमांडर साहेबांनी कमेंडेशन कार्डासाठी माझ्याकडे एकच नाव मागितलं. मी एका नाईकाचं दिलं. हिमवादळात त्यानं गस्तीची तुकडी परत आणली होती. तो लायक होता, आजही म्हणेन. पण खरं सांगतो, त्या क्षणी डॉक्टरसाबचं नाव माझ्या मनात आलंसुद्धा नाही. तोलून नाकारलं असतं तर एक वेळ ठीक. मी तोललंच नव्हतं. नाईकाची गोष्ट सांगता येत होती. डॉक्टरसाबच्या कामात सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. काही घडलं नाही, हेच त्याचं काम होतं, हे मला तेव्हा दिसलं नाही.

कुणी म्हणेल, शेजारच्या पोस्टवर वारा जास्त असेल, तुमचं नशीब चांगलं असेल. असेलही. सपोर्टवाल्याचं मोल काढताना ही अडचण राहणारच. पण म्हणून मोलच काढायचं नाही, हा त्यावरचा उपाय नव्हे. वही तरी बघायची होती. सहा महिन्यांच्या टिका होत्या तिच्यात.

दोन दिवसांनी मी भाच्याला फोन केला आणि सांगितलं, "रिगार्डला चढव. पण तीन गोष्टी पाळ. त्याला एकट्याला पिवळा ठेवू नकोस. चाओला शेजारी घे, त्याच टाइल्सनी दोघंही भरतील. विद्या भरली म्हणून लगेच सोडू नकोस. आणि लढाई संपली की किती मारले त्याआधी आपले किती उभे राहिले ते मोज." तो म्हणाला, "आणि हरलो तर?" मी म्हणालो, "तर चाओ पुढच्या वेळी. सामान साठेल." त्याला फारसं पटलं नाही. बहीण मागून ओरडत होती की परीक्षा तोंडावर आहे.

मग मी आणखी एक फोन केला. नंबर मिळवायला जुन्या चार दोस्तांना विचारावं लागलं. डॉक्टरसाब आता निवृत्त आहे, गावाकडे असतो. मी नाव सांगितलं तर त्यानं लगेच ओळखलं. मी जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं हिंदीत पाठ केलं होतं. पण त्यानंच आधी विचारलं, "साब, डाव्या पायाचा अंगठा अजून बधिर होतो का?"

मला आठवतही नव्हतं की त्या वहीत माझ्या नावापुढे अंगठ्याची नोंद होती.

कार्डाबद्दल मी बोललो. तो काही वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नाईक चांगला माणूस होता, साब." आणि विषय बदलला. त्यानं माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. विचारायचा मला अधिकारही नव्हता.

माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं. अजून एक-दोनदा तरी कुणाचं नाव द्यायची वेळ येईल. तेव्हा आधी वह्या मागवून घेईन.

तुमच्याही पलटणीत असा कुणी असेल: लंगरवाला, लाइनमन, ड्रायव्हर, नर्सिंग असिस्टंट. नाव-गाव-ठिकाण न लिहिता त्याचं काम कळवा. बाकी ठीक. पुढच्या वेळी लोकताक तलावाबद्दल लिहीन.

जय हिंद.